गोळीच्या आधी व्यायाम : गुडघा, कंबर आणि खांदेदुखीसाठी फिजिओथेरपी

वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करताना आम्हाला एक गोष्ट जवळपास प्रत्येक घरात दिसते. देवळीत किंवा टीव्हीजवळ वेदनाशामक गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी पडलेली असते. धुणीभांडी करणाऱ्या बायका, झाडलोट करणारे कामगार, गोदामात ओझी उचलणारे भाऊ सकाळी गोळी घेऊन कामाला जातात. चिठ्ठी अनेकदा दोन वर्षांपूर्वीची असते, तर कधी चिठ्ठीच नसते, मेडिकलवाल्याने दिलेले असते.

खाडा परवडत नाही म्हणून गोळी घेतली जाते, हे आम्हाला समजते. पण डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या महिनोन्महिने स्वतःच्या मनाने घेतल्या तर जठरात व्रण होऊ शकतो, रक्तदाब वाढू शकतो आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. ज्यांना आधीच मधुमेह किंवा रक्तदाब आहे, त्यांना हा धोका जास्त. शिवाय गोळीने दुखणे काही तास दबते, सांध्याला आधार देणारे स्नायू बळकट होत नाहीत. ते काम व्यायाम करतो. म्हणूनच काही नेहमीच्या दुखण्यांवर व्यायाम हाच मुख्य उपचार मानला जातो.

फिजिओथेरपी म्हणजे फक्त शेक नव्हे

भारतात या शास्त्राचे शिक्षण १९५०च्या दशकात मुंबईत केईएम रुग्णालयात सुरू झाले. त्या काळी पोलिओने अधू झालेल्या मुलांना पुन्हा उभे करणे ही मोठी गरज होती. आज आपल्याकडे फिजिओथेरपी म्हटले की मशीनचा शेक डोळ्यांसमोर येतो. शेकाने थोडा वेळ बरे वाटते, पण टिकणारा फायदा रोजच्या व्यायामाने होतो. फिजिओथेरपिस्ट तपासून कोणता स्नायू कमजोर आहे, कोणता आखडला आहे हे ठरवतात आणि त्यानुसार व्यायाम देतात.

गुडघेदुखी

जागतिक आरोग्य संघटनेनुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ५२.८ कोटी लोकांना झिजेचा संधिवात होता आणि त्यात सर्वाधिक त्रास गुडघ्याचा होता. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये या आजारावर स्नायू बळकट करणारा व्यायाम हा मूळ उपचार सांगितला आहे. ‘गुडघा झिजलाय, आता हलवू नका’ हा समज चुकीचा आहे. मांडीचा पुढचा स्नायू मजबूत असेल तर गुडघ्यावरचा भार कमी होतो.

- पाय लांब करून बसा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याने ती खाली दाबा. पाच आकडे मोजून सोडा. असे दहा वेळा.
- उताणे झोपा. एक पाय दुमडा, दुसरा सरळ ठेवून वीतभर उचला, पाच आकडे मोजा आणि सावकाश खाली आणा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा.
- भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठा आणि सावकाश बसा. जमत नसेल तर सुरुवातीला हात टेकवा.

वजन जास्त असेल तर ते थोडे कमी झाले तरी गुडघ्याला आराम मिळतो. भांडी घासताना उकिडवे बसण्याऐवजी स्टूल घ्या. विहारात खाली बसणे जड जात असेल तर खुर्ची घेण्यात संकोच नको.

कंबरदुखी

२०२० मध्ये जगात सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. या संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकाळच्या कंबरदुखीसाठी सूचना दिल्या. त्यात व्यायामाची शिफारस आहे, तर कमरेचा पट्टा आणि वजन लावून ताण देणे यांची नेहमीसाठी शिफारस नाही. आमच्या वस्त्यांमध्ये मात्र पट्ट्यावर पैसे आधी खर्च होतात.

दिवसचे दिवस पडून राहू नका, झेपेल तेवढे चाला. उताणे झोपून गुडघे दुमडा आणि कंबर हळूच वर उचलून पाच आकडे मोजा. हातगुडघ्यांवर ओणवे होऊन पाठ आधी वर फुगवा, मग खाली सैल सोडा. दोन्ही दहा-दहा वेळा. पाणी भरताना एका हातात भरलेली बादली नेण्यापेक्षा दोन हातांत दोन अर्ध्या बादल्या न्या.

आखडलेला खांदा

वेणी घालता येत नाही, वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, ही फ्रोजन शोल्डरची लक्षणे असू शकतात. मधुमेह असलेल्यांना हा त्रास अधिक होतो, म्हणून साखर तपासून घ्या. पुढे वाकून दुखरा हात सैल सोडा आणि लंबकासारखा हलवा. भिंतीवर बोटे चालवत हात झेपेल तितका वर न्या. दुखणे तीव्र असताना कुणाकडूनही खांदा ओढून घेऊ नका. हा खांदा सुटायला वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागू शकतो, धीर सोडू नका.

बायका जे सांगत नाहीत

खोकताना, शिंकताना, हंडा उचलताना लघवी गळणे. कित्येक जणी यासाठी पाणी पिणे कमी करतात, लांबचा प्रवास टाळतात, पण बोलत नाहीत. यावर अमेरिकेतील डॉक्टर अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये मांडलेला व्यायाम आजही पहिला उपचार आहे. लघवी आणि वारा रोखताना जे स्नायू आवळतो, ते आवळा, काही आकडे मोजा आणि पूर्ण सैल सोडा. एका वेळी किमान आठदा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. श्वास रोखू नका.

व्यायामालाही मात्रा असते

चार दिवस करून ‘फरक नाही’ म्हणत सोडणे, ही सर्वात मोठी अडचण आम्ही पाहतो. स्नायू बळकट व्हायला सहा ते बारा आठवडे लागतात. सुरुवातीला थोडे दुखेल. ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत निवळले तर ठीक, वाढलेलेच राहिले तर संख्या कमी करा. बरे वाटल्यावरही बंद करू नका. मात्र व्यायाम सुरू केला म्हणून रक्तदाब किंवा मधुमेहाच्या गोळ्या स्वतःहून थांबवू नका.

आधी डॉक्टर गाठा

कंबरदुखीसोबत लघवी अडणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणे, बसण्याच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद जाणे, ताप, कारण नसताना वजन घटणे, पडल्यानंतरचे दुखणे, लाल-गरम सुजलेला सांधा किंवा हातात पसरणारी छातीतली कळ असेल तर व्यायाम नको, लगेच रुग्णालयात जा.

कुठे जायचे?

मोठ्या महापालिका रुग्णालयांत, वैद्यकीय महाविद्यालयांत आणि अनेक जिल्हा रुग्णालयांत फिजिओथेरपी विभाग असतो. खासगीत जाताना पदवी आणि महाराष्ट्र राज्य परिषदेची नोंदणी विचारा. रोज फेऱ्या मारणे शक्य नसेल तर पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा, “माझा रोज बुडतो, घरी करायचे व्यायाम शिकवा आणि लिहून द्या.” हे मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

घरी एकट्याने सातत्य टिकत नाही, हेही आम्ही पाहिले आहे. गल्लीतल्या पाच-सहा जणी संध्याकाळी समाजमंदिरात एकत्र आल्या, तर वीस मिनिटांत व्यायाम होतो आणि खाडा करणाऱ्या मैत्रिणीला हाकही जाते. त्यासाठी एक सतरंजी आणि दोन खुर्च्या पुरतात.