दोन घराण्यांची दप्तरे

गोंदिया जिल्ह्याचा नकाशा पाहिला, तर दक्षिणेस अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगड दिसतो. महाशिवरात्रीची यात्रा आणि दर्गा यांमुळे हे ठिकाण पंचक्रोशीत सर्वांस ठाऊक आहे. मराठी ख्रिस्ती इतिहासाशी मात्र या जिल्ह्याचा संबंध येतो तो गडामुळे नव्हे, रेल्वेमुळे. नागपूरहून निघालेला लोहमार्ग भंडारा रोड, तिरोडा, गोंदिया, आमगाव अशी स्थानके घेत राजनांदगावला जातो. १८९३ साली याच मार्गाने नारायण वामन टिळक नोकरीनिमित्त राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरे गृहस्थ बसले होते. संस्कृत काव्यापासून सुरू झालेले संभाषण धर्मावर आले, आणि निरोप घेताना त्या गृहस्थांनी टिळकांच्या हाती शास्त्राची प्रत ठेवली. दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही त्यांनी केले. टिळकांनी आपल्या धर्मांतराची हकीकत सांगताना ही भेट नमूद केली आहे. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत रेव्ह. तुकाराम नथोजी यांच्या हस्ते त्यांचा बाप्तिस्मा झाला. एतद्देशीय पाळकाकडूनच दीक्षा घ्यावयाची, हा त्यांचा आग्रह होता.

ते सहप्रवासी म्हणजे फ्री मेथडिस्ट मिशनरी अर्नेस्ट वॉर्ड, असे परंपरा मानते. आमच्या वाचकांस हा पंथ फारसा परिचयाचा नसेल. अमेरिकेतील मेथडिस्ट मंडळीतून १८६० साली तो वेगळा झाला. त्या काळी तेथील देवळांतून बाकांचे भाडे घेण्याची चाल होती. ज्याचे पैसे अधिक, त्याची जागा पुढे. ही चाल आणि गुलामगिरी या दोहोंस विरोध करणाऱ्यांनी आपल्या मंडळीस ‘फ्री’ म्हटले. अर्नेस्ट व त्यांच्या पत्नी फीबी १८८१ साली हिंदुस्थानात आले. ठरावीक पगाराची हमी नव्हती. देव पुरवील त्यावर राहावयाचे, हा त्यांचा बाणा. बऱ्हाणपूर, यवतमाळ, राजनांदगाव अशा त्या काळी आडवळणाच्या मुलुखात हे कुटुंब वावरले. टिळकांची गाठ पडली नसती, तर महाराष्ट्राने त्यांचे नाव कधी घेतले असते की नाही, याची आम्हांस शंका वाटते.

वॉर्ड लिहीत असत, आणि घरच्यांनी ते लिहिलेले टाकून दिले नाही. पतिपत्नींचे हिंदुस्थानविषयक पुस्तक १९०८ साली निघाले. पुढे त्यांची कन्या एथेल हिने आईवडिलांचे चरित्र सिद्ध केले. अर्नेस्ट यांच्या दैनंदिनी आज अमेरिकेतील केंटकी राज्यात, विल्मोर येथील ॲसबरी धर्मविद्यालयाच्या संग्रहालयात आहेत. विदर्भातील धुळीच्या वाटांवर लिहिलेली पाने विदर्भापासून हजारो मैलांवर जपली जावीत, ही दैवाची गंमतच म्हणावयाची. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमधील ह्यूम कुटुंबाचेही असेच झाले. त्यांच्या अनेक पिढ्यांची कागदपत्रे येल विद्यापीठाच्या धर्मशास्त्र विभागाच्या ग्रंथालयात आहेत.

टिळकांच्या घरचे दप्तर मात्र घरातच वाढले. ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले. पुत्र देवदत्त यांस वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यांनी आईस आठवणी लिहून देण्याची विनंती केली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी लिहावयास घेतले, आणि नवऱ्याच्या चरित्राची सामग्री म्हणून जे सुरू झाले, त्याची ‘स्मृतिचित्रे’ झाली. १९३४ पासून तिचे भाग प्रसिद्ध होऊ लागले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या. टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ही त्यांनीच पुढे नेले. नातू अशोक देवदत्त टिळक यांनी १९८९ साली ‘स्मृतिचित्रे’ची नव्याने संपादित केलेली आवृत्ती दिली. आजोबा, आजी, वडील, नातू अशी ही परंपरा. पाळकाच्या संसारात दारिद्र्य असते, बदल्या असतात, माणसांचा राबता असतो. तरी ट्रंकेच्या तळाशी कागद राहतो, कारण तो उचलून ठेवणारे कोणीतरी घरात असते.

येथे आम्हां कॅथॉलिकांस थोडे थांबावे लागते. आमच्या धर्मगुरूंस संसार नाही. धर्मग्रामाच्या नोंदवह्यांत बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांची नोंद चोख राहते. पण फादरांची खासगी पत्रे, प्रवचनांची टिपणे, गावच्या भांडणांविषयी लिहिलेली चार ओळींची चिठ्ठी यांना वारस कोण? बदलीच्या दिवशी एक पेटी जाते आणि उरलेले कपाट पुढील फादर साफ करतात. ज्या घरांतून धर्मगुरू झाले, त्या घरांतील बहिणींनी वा भाच्यांनी पत्रे ठेवली असतील, तर तेवढीच राहिली. म्हणून नोंदवह्यांवरून आमच्या धर्मग्रामांची शिरगणती सांगता येते. स्वभाव सांगणे अवघड जाते.

खुद्द फादर स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’ची कथा हेच सांगते. १६१६, १६४९ व १६५४ साली ते छापले गेले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो भाविकांनी हाताने उतरून घेतलेल्या नकलांमुळे. अशाच नकलांच्या आधारे सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरहून तो पुन्हा छापला. देवनागरीतील हस्तलिखित लंडनला मार्सडन यांच्या संग्रहात पडून होते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले ते जस्टिन ॲबट यांनी. हे ॲबट अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे टिळक ज्या मिशनचे पाळक होते त्याच मिशनचे; आणि त्यांचे वडील एमॉस ॲबट हेही त्याच मिशनचे मिशनरी होते.