एक कर्णा, अनेक कंठ

गुलबर्गा जिल्हा निजामाच्या राज्यात होता तेव्हा हैदराबादेहून 'डेक्कन रेडिओ' बोलत असे. ३ फेब्रुवारी १९३५ रोजी सुरू झालेल्या त्या केंद्रावर उर्दूखेरीज तेलुगू, मराठी व कन्नड यांनाही जागा होती. पण प्रक्षेपक एक, म्हणून एका वेळी भाषा एकच! १ एप्रिल १९५० रोजी ते केंद्र आकाशवाणीकडे आले. संगणकातील ध्वनीचा इतिहास याच अडचणीपासून सुरू होतो.

लिनक्सवर साऊंड कार्ड चालविण्याची सोय फिनलंडच्या हानू सावोलाइनेन यांनी १९९२ मध्ये केली. परंतु साध्या कार्डाचा दरवाजा ज्या प्रोग्रामने प्रथम उघडला, कार्ड त्याचेच. गाणे चालू असता दुसऱ्या प्रोग्रामने तोंड उघडावे, तर 'जागा रिकामी नाही' असे उत्तर मिळे.

तोड निघाली ती 'डीमन'ची. युनिक्स पद्धतीत पडद्याआड अखंड राबणाऱ्या प्रोग्रामला हे नाव आहे. हा राक्षस नव्हे. मॅक्सवेलच्या भौतिकीतील काल्पनिक सेवकावरून एमआयटीतील मंडळींनी ते उचलले. (आपल्याकडे त्याला वेताळ म्हटले असते!) कार्ड या सेवकाच्याच ताब्यात राहावयाचे. बाकीचे प्रोग्राम आपला ध्वनी त्याच्या हवाली करतात. कोणाचे सेकंदाला ४४,१०० नमुने, कोणाचे ४८,०००. तो ते एका मापाचे करतो, त्यांची बेरीज करतो आणि कार्डाकडे धाडतो. त्यासाठी थोडा साठा हाताशी लागतो. १,०२४ नमुन्यांचा साठा म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंदांचा विलंब. साठा वाढवावा तर आवाज उशिरा येतो. घटवावा तर यंत्र कामात गुंतताच तो तुटू लागतो. मांडणीची सारी कसरत येथेच आहे.

प्रारंभी ग्नोमचा ईसाऊंड आणि केडीईचा आर्ट्स हे दोन सेवक कार्डासाठी आपसांत झगडत. भांडण मिटविणारे पंचच भांडू लागले म्हणावयाचे! २००४ मध्ये लेनार्ट पोटरिंग यांचा सेवक आला. २००६ पासून त्याचे नाव पल्सऑडिओ. २००७ च्या फेडोरा ८ मध्ये तो रूढ झाला, आणि प्रथम बराच शिव्याशापही खाता झाला. २०२१ च्या फेडोरा ३४ पासून तेथे विम टायमन्स यांचा पाइपवायर आहे.

डोळस माणसाचे यात फार तर एखादे गाणे बुडते. परंतु अंध वाचकाला पडदा ऐकूनच कळतो. ईस्पीक एनजी हा वाचक मराठी व कन्नड दोन्ही बोलतो; पण कार्ड दुसऱ्याच्या हाती असले की तो मुका. मजकुरी पडद्यावर बोलणाऱ्या वाचकाने कार्ड थेट धरले, तर माणसाने प्रवेश केल्यावर त्याच्या खात्यात उठणारा सेवक रिकाम्या हाताने परततो. साऱ्या यंत्रासाठी एकच सेवक नेमता येतो. परंतु मग एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानी जाऊ शकते, म्हणून पल्सऑडिओचे कर्ते ती रीत टाळावयास सांगतात. तरीही कित्येक अंध मंडळी तीच पत्करतात. शाळेत किंवा ग्रंथालयात यंत्र मांडून देणाऱ्याने वाचकाचा आवाज कर्ण्यापर्यंत कोणत्या वाटेने जातो ते आधी पाहावे. गाण्याची सोय मागाहून करता येते.