मोहाच्या फुलांची किंमत



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त झालं आमच्या जावईबापूंच्या फोनचं. ते अमेरिकेत घरीच बिअर करतात, छंद म्हणून. तिथे १९७८ च्या कायद्याने त्याला मुभा आहे. परवा सामान महागल्याची तक्रार चालली होती. २००८ च्या सुमारास हॉप्सचे भाव असेच भडकले होते, म्हणाले. आधी भाव पडले म्हणून शेतकऱ्यांनी वेल उपटले, मग माल कमी पडला.

ऐकता ऐकता मला मोह आठवला.

मोहाची फुलं उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे गळतात. ती वेचायची, वाळवायची. वाळलेल्या फुलात निम्म्याहून जास्त साखर असते. काही दिवस पाण्यात आंबवून मडक्यातून दारू उतरवायची. फूल जंगलाचं, सरपणही जंगलाचं. मेहनत सोडली तर कच्च्या मालाचा खर्च शून्य!

इंग्रज सरकारला नेमकं हेच खुपलं. फुकटच्या मालावर महसूल कसा मिळणार? १८७८ साली मुंबई अबकारी कायदा आला. चार्ल्स प्रिचर्ड हे त्या धोरणामागचे मोठे अधिकारी. घरोघरच्या भट्ट्या मोडायच्या आणि मक्तेदाराची कर भरलेली दारूच लोकांनी विकत घ्यायची, असा एकूण बेत. उरणला मोठ्या भट्ट्या होत्या. त्यांच्यासाठी फुलं थेट गुजरातेतल्या पंचमहालातून येत.

पण दारातच मोह गळत असेल तर दुकानात कोण जाणार? म्हणून १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाचा वेगळा कायदा झाला. आता बंधन दारूवर नव्हे, फुलावरच! ही फुलं गरिबाचं अन्न आहे, दुष्काळात लोक त्यावर जगतात, गुरंही खातात, असं विरोध करणारे सांगत होते. कायदा झालाच. फुलं पूर्वीसारखीच झाडाखाली पडत राहिली, पण त्यांची किंमत आता दंडात आणि धाकात मोजायची झाली. पुढे १९४९ च्या दारूबंदी कायद्यातही मोहाच्या फुलांवरचं नियंत्रण राहिलंच.

आता माझी गोष्ट सांगतो. १९७५ साली मी जव्हारकडे एका शाळेत नवा मास्तर होतो. एका सकाळी चौथीतल्या एका मुलाच्या खिशातून मोहाचा वास आला. मी खिसा रिकामा करायला लावला, "दारूचं सामान शाळेत आणतोस?" म्हणून ओरडलो, आणि फुलं खिडकीबाहेर फेकली. पोरगं काही बोललं नाही. मधल्या सुट्टीत ते खिडकीखाली वाकून फुलं वेचून खाताना दिसलं. ती त्याची न्याहारी होती.

इतिहास शिकवणारा मी, पण हा इतिहास वाचला निवृत्तीनंतर. तेव्हा कळलं, त्या सकाळी माझ्या तोंडून १८९२ चाच कायदा बोलत होता.

२०२१ साली राज्य सरकारने फुलं वेचण्या-साठवण्यावरचे निर्बंध बरेच सैल केले. चांगलं झालं. तो मुलगा आता साठीच्या घरात असेल. भेटला तर माफी मागायची आहे. जावईबापूंना हॉप्सचे डॉलर मोजावे लागतात, पण कोणी त्यांचा खिसा तपासत नाही.

तुमच्यापैकी कोणी मोहाची फुलं खाल्ली आहेत का? जरूर कळवा.