महालेखापालांची ध्यानखोली

मार्चअखेर म्हणजे काय, हे ज्यांनी कोषागारात नोकरी केली त्यांनाच कळेल. रात्रीचे अकरा वाजलेले असतात, खिडकीपाशी बिलांचे गठ्ठे घेऊन माणसं उभी असतात, अनुदान परत जायला तासभर उरलेला असतो आणि नेमकी बेरीज साडेतीन रुपयांनी जुळत नाही. असे एकोणतीस मार्च मी काढले.

निवृत्तीच्या थोडं आधी आमच्या कार्यालयात ताणमुक्तीवर एक दिवसाची कार्यशाळा झाली. डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या, मन भटकलं की परत आणा, असं एका तरुण प्रशिक्षकाने शिकवलं. शिकवलं चांगलं, खोटं कशाला बोलू! पण तेव्हा आमच्या शाखेत तीन पदं रिकामी होती आणि ती भरावीत म्हणून केलेली मागणी दोन वर्षं पडून होती. साहेब उद्घाटनाचं भाषण करून निघून गेले. माझ्या शेजारी बसलेला सहकारी डोळे मिटूनच पुटपुटला, "आता श्वास घ्यायचासुद्धा आदेश निघाला."

ते वाक्य डोक्यात राहिलं. ज्याला हल्ली सगळेजण माइंडफुलनेस म्हणतात, ती सजगतेची साधना कचेरीत शिरली कधी, हे निवृत्तीनंतर मी शोधू लागलो. अमेरिकेतल्या एखाद्या बड्या कंपनीत सापडेल असं वाटलं होतं. सापडली ती रंगूनला, आणि तीही हिशेबाच्याच खात्यात!

ऊ बा खिन यांचा जन्म १८९९ सालचा. 'ऊ' म्हणजे आपलं 'श्रीयुत'. शाळेत हुशार, पण घरची गरिबी. महालेखापालांच्या कार्यालयात ते साधे कारकून म्हणून लागले. तेव्हा ब्रह्मदेश इंग्रजांच्या हिंदुस्थानचाच भाग होता आणि त्या कचेरीत बहुतेक मंडळी हिंदी होती. १९२६ मध्ये त्यांनी लेखासेवेची परीक्षा दिली आणि ते वर चढले. जानेवारी १९३७ मध्ये त्यांना श्वासावर लक्ष ठेवण्याची, म्हणजे आनापानाची, ओळख झाली. एवढ्यावर त्यांचं समाधान होईना. नदीपलीकडच्या गावात सया तेजी नावाचे एक शेतकरी गृहस्थ विपश्यना शिकवत. त्यांच्याकडे जायला हे तडक निघाले.

चरित्रात पुढची हकिकत मजेशीर आहे. रजा मंजूर झालीच नव्हती, अर्ज वाटेत टाकून स्वारी गेली होती. परत येऊन पाहतात तर टेबलावर लखोटा. नोकरी गेली असं समजून उघडला, तर आत बढतीचा हुकूम! ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून वेगळा होत होता, नवं लेखापरीक्षा कार्यालय उभं राहत होतं, त्यासाठी त्यांची निवड झाली होती. आमच्या काळी असा मनुष्य आधी कारणे दाखवा नोटिशीला उत्तर देत बसला असता. असो.

४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि त्याच दिवशी ऊ बा खिन महालेखापाल झाले. १९५० मध्ये त्यांनी आपल्या कार्यालयात विपश्यना मंडळ काढलं आणि कचेरीतल्याच माणसांना ते शिकवू लागले. १९५२ मध्ये रंगूनच्या श्वेडगॉन पॅगोड्याच्या उत्तरेला त्यांचं ध्यान केंद्र उभं राहिलं. पण नोकरी सुटली नाही. एकदा त्यांच्याकडे तीन वर्षं तीन खाती होती, एकदा जवळजवळ वर्षभर चार. १९५६ मध्ये ज्या सरकारी मंडळाकडे देशाच्या तांदळाचा व्यापार होता, त्याचं प्रमुखपद त्यांना दिलं. तिथे पैसे खाण्याचे प्रकार फार, म्हणून हा सरळ माणूस पाठवला, असं त्यांचे शिष्य सांगत. १९६७ पर्यंत ते सरकारी कामात होते.

मंडळी, इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. साहेब स्वतः आधी बसले होते, तेरा वर्षं. हाताखालच्या लोकांना बोलावलं ते नंतर. शिवाय त्यांच्याकडे शिकायचं तर पहिली पायरी पंचशीलाची. चोरी नाही, खोटं नाही, आणि मग श्वास. हिशेबाच्या खात्यात ही अट किती मोठी, हे मी वेगळं सांगायला नको.

मंडालेत जन्मलेले मारवाडी उद्योगपती सत्यनारायण गोएंका १९५५ मध्ये त्यांच्याकडे आले. अर्धशिशीने ते हैराण होते, मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत, परदेशी डॉक्टर करून झाले होते. डोकेदुखीसाठी येणार असाल तर येऊ नका, असं सांगून ऊ बा खिन यांनी त्यांना आधी परत पाठवलं. मन शुद्ध करायला या, दुखणं गेलं तर तो वरचा लाभ. हेच गोएंका १९६९ मध्ये भारतात आले आणि त्या वर्षी जुलैत त्यांनी मुंबईत पहिलं शिबिर घेतलं. १९७६ पासून इगतपुरीत शिबिरं सुरू झाली. पुढे महाराष्ट्र शासनानेही आपल्या अधिकाऱ्यांना दहा दिवसांच्या शिबिरासाठी रजेची सोय केली.

१९७५ सालची जयपूरची गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. राजस्थानचे गृहसचिव राम सिंह स्वतः शिबिर करून आले होते, म्हणून त्यांनी मध्यवर्ती तुरुंगात शिबिर ठरवलं. काही कैदी बेड्या घालूनच बसवायचे होते. गोएंकांनी नकार दिला. माणूस बेडीत असताना त्याला मुक्तीचं काय शिकवायचं? अधिकारी घाबरले, पण शेवटी बेड्या निघाल्या आणि मगच शिबिर झालं.

अमेरिकेत हा ओघ दुसऱ्या वाटेने गेला. रॉबर्ट हॉवर या अमेरिकन शिष्याला ऊ बा खिन यांनी शिकवायची परवानगी दिली होती. त्याच्या शिबिरात जॉन कबाट-झिन बसले होते. १९७९ मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात एक अभ्यासक्रम सुरू केला. सर्व शरीरावरून क्रमाने लक्ष फिरवण्याचा त्यातला भाग याच परंपरेतला. पंचशील मात्र मागे राहिलं. रुग्णालयात ते ठीकच होतं, तिथे दुखणेकरी येत. तिथून तो अभ्यासक्रम कंपन्यांत गेला, पोलिसांत गेला, सैन्यात गेला.

त्याचा उपयोग होत नाही, असं मी म्हणणार नाही. अमिशी झा आणि एलिझाबेथ स्टॅनली यांनी युद्धभूमीवर निघालेल्या अमेरिकन मरीन सैनिकांचा अभ्यास केला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. हाती घेतलेलं काम डोक्यात धरून ठेवण्याची शक्ती त्या तणावाच्या आठवड्यांत घसरते. ज्यांनी रोज नेमाने सराव केला, त्यांची ती टिकली. वर्गात बसूनही ज्यांनी सराव फारसा केला नाही, त्यांची घसरली. म्हणजे एक दिवसाच्या कार्यशाळेचं काय होणार, ते दिसतंच आहे.

आणि २०२४ मध्ये विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची पाहणी मांडली. सजगता, तणावमुक्ती, मनोबल असले वर्ग केलेले आणि न केलेले, दोघांच्या मनःस्वास्थ्यात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. कामाचं ओझं, माणसांची संख्या, वेळापत्रक हे बदला, असं त्यांचं सांगणं. बेड्यांचीच गोष्ट ही, फक्त इंग्रजी नियतकालिकात छापलेली.

हे सगळं मी त्या सहकाऱ्याला ऐकवलं. तो आता निवृत्त आहे, आणि गंमत म्हणजे, कार्यशाळेपासून रोज सकाळी वीस मिनिटं बसतो. ऊ बा खिन यांची हकिकत त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "त्यांच्या खात्यात पदं भरलेली होती का रे?"

मी म्हटलं, एकाच माणसाकडे चार खाती कुणी हौसेने देत नाही.

"मग रात्री किती वाजता घरी जायचे?" तो म्हणाला, आणि चहा टाकायला उठला.