कचऱ्यात सापडलेला चुलतभाऊ

कॉलेजात असाइनमेंट उतरवणारे पकडले जातात ते बरोबर उत्तरामुळे नव्हे, चुकीमुळे. दोघांच्या प्रोग्रॅममध्ये त्याच ओळीवर तेच बिनकामाचं व्हेरिएबल दिसलं, की कुठलेही सर योगायोग म्हणून सोडत नाहीत. नव्वदच्या दशकात जपानी शास्त्रज्ञांनी हाच न्याय देवमाशाला लावला.

सस्तन प्राण्यांच्या डीएनएमध्ये काही छोटे तुकडे पुन्हा पुन्हा येतात. माणसातला 'अलू' (भाजीच्या अळूशी संबंध नाही!) जेमतेम ३०० अक्षरांचा, पण प्रती दहा लाखांहून जास्त. १९७२ साली सुसुमु ओनो यांनी 'जंक डीएनए' हा शब्द गाजवला, आणि पुढे तो या तुकड्यांनाही चिकटला.

पण हे तुकडे पसरतात कॉपी-पेस्टने, कट-पेस्टने नाही. एकदा एका जागी बसला की पिढ्यान् पिढ्या तिथेच. स्वच्छ निघून जाणं फारच दुर्मिळ. आता अब्जावधी अक्षरांमध्ये दोन प्राण्यांत अगदी त्याच जागी तोच तुकडा असेल, तर? तो दोघांच्या सामाईक पूर्वजाकडून आलाय, दुसरं काय!

देवमाशाच्या नात्याचा वाद तेव्हा चांगलाच पेटला होता. १९६६ साली ली व्हॅन व्हेलन यांनी दातांवरून सांगितलं होतं की त्याचे पूर्वज म्हणजे मेसोनिकिड, खूर असलेले मांसाहारी, आता नामशेष झालेले. हाडंवाल्यांना ते पटलेलं होतं. नोरिहिरो ओकाडा यांच्या गटाने १९९७ मध्ये दाखवलं की देवमासे, पाणघोडा आणि रवंथ करणारे प्राणी यांच्यात काही तुकडे सामाईक आहेत. डुक्कर आणि उंटात त्या जागा रिकाम्या! १९९९ मध्ये तर फक्त देवमासे आणि पाणघोडा यांच्यातच असलेले तुकडे मिळाले. म्हणजे आज जिवंत असलेल्यांत सगळ्यात जवळचा नातेवाईक पाणघोडा.

हाडंवाले सहजासहजी मानणार थोडेच? पण २००१ मध्ये पाकिस्तानात मिळालेल्या प्राचीन देवमाशांच्या घोट्याचं हाड निघालं थेट गाय-हरणांसारखं, दोन्हीकडून कप्पीच्या आकाराचं. मेसोनिकिडांची बाजू तिथे कोसळली.

पुढचा दुवा आपल्याकडचा. भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी काश्मिरात कालाकोटजवळ गोळा केलेले दगड त्यांच्या मृत्यूनंतर हान्स थेविसन यांच्याकडे पोचले. त्यातली एक कवटी साफ करताना कानाचं हाड चुकून मोडलं... आणि आत दिसली जाड भिंत, जी देवमाशांच्या कानाची ओळख मानली जाते. प्राणी होता इंडोह्यस, मांजराएवढा, खुरांचा, सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा. २००७ मध्ये ते छापून आलं.