दोन बंदरे आणि बैलतांडा : सतराव्या शतकातील सुरत–मच्छलीपट्टण खुष्कीचा मार्ग

प्रस्तावना :
सतराव्या शतकातील भारतीय व्यापाराचे विवेचन प्रामुख्याने वखारी, जहाजे आणि परकीय कंपन्या यांभोवती फिरते. परिणामी पश्चिम किनाऱ्यावरील सुरत व पूर्व किनाऱ्यावरील मच्छलीपट्टण यांना जोडणारा, दख्खनमधून जाणारा खुष्कीचा मार्ग आणि त्यावरून चालणारा तांडा अभ्यासाच्या कडेला राहतो. बंदरांची भरभराट अंतर्भागातील वाहतूकदारांवर कशी अवलंबून होती, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

मार्ग आणि त्याची निकड :
इंग्रजांनी मच्छलीपट्टण येथे १६११ मध्ये आणि सुरत येथे १६१३ मध्ये वखार घातली. या दोन बंदरांमधील सरळ रेषेतील अंतर सुमारे १००० किलोमीटर असले, तरी कन्याकुमारीला वळसा घालून जाणारा सागरी मार्ग त्याच्या दुपटीहून अधिक लांब होता. शिवाय पावसाळ्यात पश्चिम किनारा व त्यानंतर वादळांमुळे पूर्व किनारा नौकानयनास धोक्याचा ठरे. त्यामुळे अवजड माल जहाजाने गेला, तरी पत्रे, गोवळकोंड्याचे हिरे आणि प्रवासी यांना जमिनीवरील वाट सोयीची होती.

ही वाट सुरतेहून नवापूर, दौलताबाद, औरंगाबाद, नांदेड अशी गोवळकोंड्यास व तेथून मच्छलीपट्टणास जाई. फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्निये याने तिचे वर्णन केले आहे. नवापूरच्या बारीक, कस्तुरीगंधी तांदळाची त्याने आवर्जून नोंद घेतली. १६६६-६७ मध्ये थेव्हेनो हा प्रवासीही याच प्रदेशातून गेला. १६८७ मध्ये कुतुबशाही संपेपर्यंत या मार्गावर मोगली व कुतुबशाही अशा दोन सत्तांचे अंमल होते. म्हणजेच ज्या सरहद्दीवर सैन्ये लढत होती, तीच सरहद्द व्यापारी ओलांडत होते.

तांड्याची रचना व गती :
तांडा म्हणजे केवळ बैलांची रांग नव्हे. बायकामुले, संसार आणि नायकाचा अधिकार यांसह चालणारे ते एक फिरते गाव होते. टॅव्हर्नियेच्या मते एका तांड्यात दहा ते बारा हजार बैल असत. धान्य, तांदूळ, डाळी व मीठ यांपैकी एकेका जिनसाची वाहतूक एकेका जमातीकडे होती, असेही तो सांगतो. अरुंद वाटेवर समोरून तांडा आल्यास तो पुढे जाईपर्यंत प्रवाशास दोन-तीन दिवस थांबावे लागे.

ही मंद गती उणीव वाटेल. परंतु तीच तिची आर्थिक शक्ती होती. बैल वाटेतील कुरणावर चरत, त्यामुळे चाऱ्याचा खर्च अल्प होता. म्हणूनच मिठासारखी स्वस्त वस्तूसुद्धा किनाऱ्यापासून दूर अंतर्भागात नेणे परवडत असे. परतीच्या वाटेवर धान्य भरले जाई. गाडी न जाणाऱ्या घाटांतही गोणी लादलेला बैल जाऊ शके. पावसाळ्यात मात्र काळ्या मातीचा चिखल होऊन ही वाटचाल खंडित होई. सैन्याला लागणारी रसदही तांडेच पुरवीत; त्यामुळे त्यांना दुखावणे कोणत्याही सत्तेच्या हिताचे नव्हते.

साधनांचा प्रश्न :
येथे अभ्यासकापुढे एक अडचण उभी राहते. कंपन्यांच्या पत्रव्यवहारात मालाची किंमत, जकात आणि झालेला विलंब यांची नोंद सापडते. माल वाहणाऱ्याचे नाव क्वचितच सापडते. तांड्याने स्वतःचे दप्तर ठेवले नाही. त्याची माहिती आपणांस मुख्यतः परक्या प्रवाशांकडून, तीही त्यांची वाट अडल्यामुळे मिळते. या साधनांतील मौन म्हणजे त्या समाजाची अनुपस्थिती नव्हे, हे ध्यानात घेतले पाहिजे. गोरमाटी बोलीतील मौखिक परंपरा व तांड्यांच्या वस्त्या यांचा पुरावा लिखित साधनांच्या जोडीने तपासल्यासच हे चित्र संतुलित होईल.

समारोप :
१८५३ नंतर लोहमार्ग वाढत गेले आणि बैलतांड्याचा व्यवसाय ओसरला. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची झळ बंजारा समाजाच्या काही गटांनाही पोहोचली; हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रात हा समाज विमुक्त जातींमध्ये गणला जातो. ज्यांच्या भरवशावर राज्यांच्या सीमा ओलांडून मीठ व धान्य पोहोचत होते, त्यांचेच भटकणे पुढे संशयास्पद ठरविले गेले. म्हणून बंदरांचा इतिहास लिहिताना धक्क्यावर न थांबता तेथून निघणाऱ्या वाटेवरही चालणे अभ्यासकास अगत्याचे आहे.