द्विपट (छायाचित्रण)

द्विपट : दोन छायाचित्रे शेजारीशेजारी मांडून साधलेली एकच कलाकृती. ‘डिप्टिक’ या नावानेही हा प्रकार ओळखला जातो. दोन्ही छायाचित्रे चांगली आहेत एवढ्यावर द्विपट उभा राहत नाही. एक काढून घेतले की दुसऱ्याचा अर्थ उणा व्हावा, ही त्याची खरी कसोटी.

मांडणीचा उत्तम धडा छायाचित्रणाच्या कितीतरी आधीचा आहे. पिएरो देल्ला फ्रांचेस्का याने १४७०च्या दशकात रंगवलेली उर्बिनोच्या दांपत्याची चित्रे फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात आहेत. डावीकडे बत्तिस्ता स्फोर्झा, उजवीकडे फेदेरिको दा मोंतेफेल्त्रो. दोघेही एका बाजूने रंगवलेले, नजरा आत वळलेल्या. मागचा भूप्रदेश एका फलकातून दुसऱ्यात सलग जातो. फलकांची नुसती अदलाबदल केली, तर दोघे एकमेकांकडे पाठ फिरवतील आणि सारे नाते तुटेल. म्हणून कोणते चित्र डावीकडे ठेवायचे, हे नजरेची आणि हालचालीची दिशा पाहूनच ठरवावे.

जोडीला एखादा समान धागा लागतो : उजेड, रंग, रेषा किंवा आकार. त्याच्या जोरावर फरक उठून दिसतो. केवळ विषयाचे साम्य, म्हणजे दार आणि दुसरे दार, सर्वांत लंगडे; तिथे पुनरुक्तीच पदरी पडते. आकारसाम्याची गंमत स्टेफान लोरांट यांनी १९३७ मध्ये लंडनमध्ये सुरू केलेल्या ‘लिलिपुट’ मासिकाने लोकप्रिय केली. समोरासमोरच्या पानांवर पंतप्रधान चेंबरलेन आणि लामा हा प्राणी, अशा त्या जोड्या. बिल ब्रांट यांच्या ‘द इंग्लिश ॲट होम’ (१९३६) या पुस्तकातल्या श्रीमंत-गरीब घरांच्या जोड्या मात्र हसवून सोडून देत नाहीत. त्या पुन्हापुन्हा पाहाव्याशा वाटतात.

ऑलिम्पसच्या ‘पेन’ (१९५९) या हाफ-फ्रेम कॅमेऱ्यात नेहमीच्या एका चौकटीच्या जागी १८ × २४ मिमीच्या दोन उभ्या चौकटी बसतात. ३६ छायाचित्रांच्या रोलवर ७२ निघतात. लागोपाठच्या दोन चौकटी एकत्र छापल्या की द्विपट तयार. त्यासाठी दुसऱ्यांदा बटण दाबताना पहिले चित्र मनात ताजे हवे. जुन्या संग्रहातून जोड्या लावायच्या असतील, तर लहान प्रती छापून टेबलावर पसराव्यात. पडद्यावर न सुचणाऱ्या जोड्या तिथे हाताला लागतात. दोन छायाचित्रांमधली कोरी पट्टी अरुंद ठेवली तर रेषा सलग वाहतात. रुंद केली तर दोन काळ, दोन जागा वेगळ्या राहतात.